अवघड जागेचं मलम

१८६४ साली मुंबईतले एक औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी लंडनच्या 'फार्मास्युटिकल जर्नल'मध्ये एका पुडीची माहिती दिली. मुंबईच्या बाजारात ती 'गोवा पावडर' या नावानं विकली जायची. ताजी असताना फिकट पिवळी, हवा लागली की तपकिरी-जांभळी पडत जाणारी आणि चवीला कडू. ती लिंबाच्या रसात किंवा शिरक्यात कालवायची आणि गजकर्णावर लावायची. जांघेत, काखेत, कमरेला जिथे धोतराची किंवा पट्ट्याची घडी बसते तिथे उठलेले गोल चट्टे तिनं खरोखर बरे होत. पण ती नेमकी कशाची पूड आहे, हे औषधशास्त्राच्या जाणकारांनाही सांगता येत नव्हतं. गोव्याहून येते, एवढंच उत्तर मिळे.

कोडं सुटायला अकरा वर्षं गेली. कोलकात्यात नोकरी केलेले डॉक्टर जोसेफ फेरर यांनी १८७४ मध्ये या पुडीवर लिहिलं. ते ब्राझीलमधल्या बाहियाचे डॉक्टर दा सिल्वा लिमा यांच्या वाचनात आलं. १८७५ मध्ये त्यांनी सांगितलं की तुमची गोवा पावडर म्हणजे आमची 'अरारोबा' किंवा 'बाहियाची पूड'. बाहियाच्या दमट जंगलात एक उंच झाड वाढतं. ते जुनं झालं की त्याच्या गाभ्यातल्या भेगांमध्ये ही पूड साठते. झाड तोडून, खोड फाडून ती खरवडून काढावी लागते, आणि काढणाऱ्यांचे डोळे आणि चेहरे तिनं सुजतात. पोर्तुगीजांच्या सागरी मार्गावर बाहियाही होतं आणि गोवाही. तिथली पूड जहाजांतून गोव्यात उतरली, गोव्यातून मुंबईत आली आणि वाटेत तिचं मूळ गाव पुसलं गेलं.

पुढे रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून क्रायसारोबिन वेगळं काढलं. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांच्या एका रुग्णानं गजकर्ण समजून गोवा पावडर लावली होती. दुखणं निघालं सोरायसिसचं, पण ते उतरलं. स्क्वायर यांनी १८७६ मध्ये हे जाहीर केलं आणि सोरायसिसला एक नवं औषध मिळालं. पहिल्या महायुद्धात अरारोबाचा पुरवठा तुटला तेव्हा जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तसंच द्रव्य कारखान्यात बनवलं. ते डिथ्रॅनॉल. सोरायसिसच्या उपचारात ते आजही टिकून आहे. जांघेतल्या खाजेसाठी मुंबईच्या बाजारात चोरून घेतलेल्या पुडीचा वंश असा कुठल्या कुठे पोचला.

'चोरून' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. खोकल्याचं, तापाचं औषध माणूस घरातल्या चारचौघांना विचारून घेतो. या जागेचं औषध मात्र तेव्हापासून आजपर्यंत दुखणं कुणाला न दाखवता, दुकानातून हळू आवाजात मागून घेतलं गेलं. 'अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य' ही म्हण आपल्याकडे उगीच रुळलेली नाही. या औषधांचा मागोवा घेताना मला सारखं जाणवत राहिलं की त्यांची दिशा जितकी विज्ञानानं ठरवली, तितकीच या लाजेनं ठरवली. आज आपल्या देशात गजकर्णाची जी साथ पसरली आहे, तिच्या मुळाशीही ही लाज आहे.

गोवा पावडरीच्या कितीतरी आधीपासून या खाजेशी आपली ओळख आहे. चरकसंहितेत कुष्ठाचे, म्हणजे त्वचारोगांचे, अठरा प्रकार सांगितले आहेत, सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं. दद्रू, म्हणजे आपलं गजकर्ण, चरकानं क्षुद्र कुष्ठांत घातलं, तर सुश्रुतानं महाकुष्ठांत. दोघांचं जमलं नाही ते एका अर्थी बरोबरच आहे, कारण या रोगानं जीव जात नाही पण जीव नकोसा होतो. चरकाचं वर्णन आजच्या डॉक्टरलाही पटेल असं आहे: खाज, लाली, पुटकुळ्या आणि उंचावलेलं मंडल. हे उंचावलेलं मंडल ओळखणं फार महत्त्वाचं. गजकर्णाचा चट्टा मधून निवळत जातो आणि कडेनं वाढतो. जिवंत बुरशी त्या कडेलाच असते. म्हणून त्याची कड लाल, किंचित उंच आणि खवलेदार दिसते.

औषधही दाराशीच होतं. पहिल्या पावसानंतर बांधाबांधावर टाकळा उगवतो. कोवळा असताना आपण त्याची भाजी करतो. त्याच टाकळ्याची संस्कृत नावं चक्रमर्द आणि दद्रुघ्न अशी आहेत. पिकलेल्या शेंगांतल्या बिया ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लावायची रीत खेड्यांत अगदी अलीकडेपर्यंत होती. नवल वाटावं अशी गोष्ट पुढे आहे. टाकळ्याच्या बियांत क्रायसोफॅनॉल आणि त्याच्या जवळची द्रव्यं सापडतात. अरारोबातलं मुख्य द्रव्यही त्याच घराण्यातलं. ब्राझीलच्या जंगलातून सात समुद्र ओलांडून जे आलं, त्याचं भावंड कोकणातल्या बांधावर दर पावसाळ्यात फुकट उगवत होतं. अर्थात टाकळ्याचा लेप आज कुणी लावावा असं मी म्हणणार नाही. द्रव्य कमीजास्त, त्वचा नाजूक, आणि आता त्याहून खात्रीची औषधं आहेत.

गजकर्णाशेजारी खरूजही होतीच. ती वेगळी: बुरशीमुळे होत नाही, त्वचेत बोगदे करणाऱ्या एका बारीक किड्यामुळे होते. हा किडा इटलीतल्या बोनोमो यांनी १६८७ मध्ये वर्णन केला, तरी वैद्यकाला तो पुरता पटायला १८३४ उजाडलं. पॅरिसमध्ये रेनुची नावाच्या कॉर्सिकातून आलेल्या विद्यार्थ्यानं सुईच्या टोकावर किडा काढून दाखवला तेव्हा वाद मिटला. कॉर्सिकातल्या बायका घरी हे काम करत, तेच त्यानं प्राध्यापकांसमोर केलं. आपल्याकडे खरजेवर गंधक आणि करंजाचं तेल चालायचं. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांत त्वचारोगी डुबकी मारायला जायचे ते पाण्यातल्या गंधकाच्या भरवशावर. गंधकाचं मलम खरजेवर खरंच चालतं. डुबकीबद्दल तेवढी खात्री देता येत नाही.

ब्रिटिशांच्या काळात जांघेतल्या गजकर्णाला इंग्रजीत नवं नाव पडलं: 'धोबी इच'. उष्ण, दमट हवा, घामानं चिंब गणवेश, जाड कापडाची घट्ट विजार, आणि दिवसदिवस कवायत. खाज सुटायला एवढं पुरेसं होतं. पण गोऱ्या शिपायांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी बोट दाखवलं ते कपडे धुणाऱ्याकडे. खरं तर व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी जांघेतल्या याच रोगाचं वर्णन १८६० मध्ये केलं होतं, आणि तिथे भारतातला धोबी कुठून असणार? पुढे कोलंबोत काम करणाऱ्या आल्दो कास्तेलानी या इटालियन डॉक्टरांनी १९१० मध्ये या रोगाची एक महत्त्वाची बुरशी वर्णन केली. तीच पुढे ट्रायकोफायटॉन रुब्रम म्हणून जगभर ओळखली गेली. बुरशी माणसाकडून माणसाकडे जाते, एकाच टॉवेलातून, एकाच अंथरुणातून, न वाळलेल्या कपड्यातून. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. नदीवर, घाटावर कंबरभर पाण्यात उभं राहून साहेबाचे कपडे स्वच्छ करणाऱ्या परटाच्या माथी साहेबाच्या घामाचा रोग मारला गेला. या अन्यायाची नोंद कुठेतरी स्पष्ट शब्दांत व्हायला हवी, म्हणून इथे करतो.

परटाच्या हातून होणारी एक खाज मात्र खरी होती आणि तिचा बुरशीशी संबंध नव्हता. कुठला कपडा कुणाचा हे कळावं म्हणून परीट कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसानं खूण करत. बिब्बा उततो, हे आपल्या घरातल्या जुन्या बायकांना सांगावं लागत नाही. १९४३ मध्ये अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी भारतातल्या आपल्या सैनिकांबद्दल लिहिलं की मानेवर, कमरेवर, जिथे खूण टेकते नेमकं तिथेच पुरळ आणि फोड उठतात. खूण धुऊन जात नाही, उकळूनही जात नाही. आजच्या भाषेत याला स्पर्शजन्य त्वचादाह म्हणतात. बिब्ब्याची जागा आता इतर वस्तूंनी घेतली आहे: सुगंधी साबण, पाण्यात टाकलेलं जंतुनाशक, सुवासिक सॅनिटरी पॅड, केस काढायची क्रीम, कपड्याचा रंग. खाज सुटली की माणूस ती जागा आणखी घासतो, आणखी जंतुनाशक ओततो आणि खाज वाढवून घेतो.

१९०७ मध्ये लंडनच्या आर्थर व्हिटफील्ड यांनी एक साधं मलम सांगितलं. सहा टक्के बेंझॉइक आम्ल आणि तीन टक्के सॅलिसिलिक आम्ल. एक बुरशीची वाढ रोखतं, दुसरं त्वचेचा वरचा मेलेला थर सोलून काढतं आणि त्या थराबरोबर बुरशीही जाते. व्हिटफील्डचं मलम सरकारी दवाखान्यांतून अनेक पिढ्यांनी लावलं. स्वस्त, टिकाऊ आणि उपयोगी. पायाच्या तळव्यावर, हातावर ते उत्तम. जांघेच्या नाजूक कातडीवर मात्र आग आग करतं.

आणि इथे आपल्या बाजारी औषधांची सगळी परंपरा सुरू होते. जालिम लोशन, बी-टेक्स ही नावं एसटी स्टँडच्या भिंतींवर, रेल्वेच्या डब्यात, पंचांगाच्या मलपृष्ठावर वाचत आपण मोठे झालो. दाद, खुजली हे हिंदी शब्द मराठी गावांत त्या जाहिरातींनीच रुजवले. असली लोशनं लावून माणसं दात-ओठ खात पंख्याखाली उभी राहत आणि अभिमानानं सांगत, 'झोंबतंय, म्हणजे लागू पडतंय.' झोंबण्याला पुरावा मानायची ही सवय आपल्यात खोल मुरलेली आहे. झोंबतं याचा अर्थ एवढाच की कातडी भाजते आहे. अंडकोशाची कातडी तर इतकी पातळ असते की तिथे कडक आम्लानं फोड येतात, सोलटून निघते, आणि मूळ रोग कुठला हेच मग दिसेनासं होतं.

डॉक्टरला दाखवावं तर लाज आडवी. या लाजेविरुद्ध मराठीत लिहिणाऱ्यांत र. धों. कर्व्यांचं नाव पहिलं घ्यायला हवं. १९२७ पासून १९५३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक एकट्याच्या बळावर चालवलं. शरीराच्या ज्या भागांचं नाव घेणं असभ्य मानलं जाई, त्यांच्याबद्दल त्यांनी सरळ शब्दांत लिहिलं आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. त्याबद्दल खटले सोसले, दंड भरला. कर्व्यांनी जी वाट पाडली ती मराठी समाजानं रुंद केली असती, तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

ती वाट किती अरुंद राहिली, हे १९८९ मध्ये गडचिरोलीतून कळलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, सरासरी प्रत्येकीला तीनहून अधिक. सुमारे निम्मे रोग जननमार्गाच्या संसर्गाचे होते. आणि आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, आग होते, बसवत नाही, आणि हे सगळं बाईच्या जातीला असायचंच म्हणून सोसलेलं. हे आकडे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मन अस्वस्थ होतं. इतक्या बायका इतकी वर्षं खाजवत, जळजळत रानात राबत राहिल्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचा त्रास काही दिवसांच्या औषधानं थांबण्यासारखा होता.

स्त्रियांच्या खाजेचं औषधही एका स्त्री-जोडीनं शोधलं. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात काम करत. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. मातीचे नमुने आणि त्यांतून काढलेले अर्क त्या टपालानं एकमेकींकडे पाठवत. व्हर्जिनियातल्या एका शेतातल्या मातीत त्यांना हवा तो जंतू सापडला आणि १९५० मध्ये निस्टॅटिन जगासमोर आलं. कँडिडा या बुरशीवर ते चालतं. योनीमार्गात दह्याच्या कवड्यांसारखा स्राव आणि तीव्र खाज असेल तर बहुधा हीच कँडिडा. ती काही बाहेरून आलेली घाण नसते. अनेकींच्या शरीरात ती निवांत नांदत असते. गरोदरपण, मधुमेह, किंवा नुकताच झालेला अँटिबायोटिकचा डोस अशा वेळी ती उसळते. म्हणून अशी खाज पुन्हा पुन्हा होत असेल तर आधी रक्तातली साखर तपासावी. पुरुषांनाही हे लागू आहे. शिश्नाच्या टोकाशी लाली, चिरा, पांढरा थर दिसला आणि मधुमेहाचं निदान त्यातूनच झालं, असं त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात नेहमी घडतं.

मात्र खाज म्हणजे कँडिडाच असं नाही. मासळीसारखा वास येणारा पातळ स्राव जिवाणूंचा समतोल बिघडल्याचा असतो. हिरवट, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या सूक्ष्मजीवाचा, आणि त्यात नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, नाहीतर आजार पिंगपाँगच्या चेंडूसारखा दोघांत फिरत राहतो. पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा पातळ आणि कोरडी पडते, त्यानंही खाजतं. उतारवयात पांढरे, चकाकणारे, पातळ कागदासारखे चट्टे दिसत असतील तर ते तज्ज्ञाला दाखवलेच पाहिजेत. तो वेगळा आजार आहे आणि त्यात पुढे कर्करोगाचा थोडा धोका असतो. लहान मूल रात्री गुदद्वार खाजवत असेल तर जंत. आणि घरातले सगळेच रात्री खाजवत असतील, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, शिश्नावर किंवा अंडकोशावर गाठी असतील, तर खरूज. एवढी वेगवेगळी कारणं, आणि दुकानात आपण म्हणतो काय, तर 'खाजेचं द्या'.

गजकर्णाच्या औषधांची मधली काही दशकं खरोखर सोन्याची होती. ग्रिसिओफल्विन १९३९ मध्ये सापडलं, आणि ते पोटातून दिलं तर गजकर्ण बरं होतं हे १९५८ मध्ये कळलं. १९७०च्या आसपास मायकोनॅझोल आणि क्लोट्रिमॅझोल आली, १९९१ मध्ये टर्बिनाफिन. न झोंबणारी, डाग न पाडणारी, नेमकी बुरशी मारणारी. जांघेतलं गजकर्ण तीन-चार आठवड्यांत बरं व्हायचं. रिंग गार्ड, इच गार्ड अशा मलमांच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर येऊ लागल्या आणि निदान या दुखण्याचं नाव तरी घराघरात उघड उच्चारलं जाऊ लागलं.

याच काळात शेजारच्या वाटेनं स्टेरॉइड येत होतं. १९५२ मध्ये अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचं मलम त्वचेवर वापरून दाखवलं. इसबासारख्या आजारांत तो चमत्कारच होता. मग बीटामेथासोन, मग त्याहून जहाल क्लोबेटासोल. इसब, सोरायसिस यांत ही औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली आजही लागतात, त्यांच्यावर माझा रोष नाही. रोष आहे तो आपल्याकडे त्यांचं जे मिश्रण झालं त्यावर. एका ट्यूबमध्ये क्लोबेटासोल, बुरशीवरचं एक औषध, जिवाणूंवरची एक-दोन औषधं. रोग कुठलाही असो, यातलं काहीतरी लागू पडेल, हा हिशेब. न तपासता औषध विकायचं आणि न दाखवता घ्यायचं असेल तर याहून सोयीचं मिश्रण नाही. लाजेला हवं होतं तेच या ट्यूबनं दिलं.

ती ट्यूब काय करते ते जवळून पाहायला हवं. स्टेरॉइड लावल्यावर त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, लाली ओसरते. शरीर बुरशीशी जी झुंज देत असतं तीच आपल्याला खाज म्हणून जाणवते. स्टेरॉइड ती झुंज थांबवतं. दोन दिवसांत खाज गायब. माणूस खूश, ट्यूब अर्धी उरते, ती कपाटात जाते. बुरशीला मात्र आता अडवणारं कुणी नसतं. आठ-पंधरा दिवसांत चट्टा परततो, आधीपेक्षा मोठा. उरलेली ट्यूब बाहेर निघते, घरातल्या आणखी कुणाला लावली जाते. महिन्याभरात चट्टा जांघेतून मांडीवर, कुल्ल्यावर, पोटावर जातो. त्याची ती स्पष्ट कड पुसली जाते, किंवा एका वलयात दुसरं वलय उठतं. चरकानं सांगितलेलं मंडल ओळखूच येत नाही. १९६८ मध्ये आइव्ह आणि मार्क्स या ब्रिटिश डॉक्टरांनी याला नाव दिलं होतं, 'टिनिया इन्कॉग्निटो', म्हणजे वेषांतर केलेलं गजकर्ण. तेव्हा ते क्वचित दिसे. आज आपल्या त्वचारोग विभागांत ते रोज दिसतं.

जांघेची जागा यात सगळ्यात दुर्दैवी. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाक यांनी शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून हायड्रोकॉर्टिसोन किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या आतल्या बाजूशी तुलना करता अंडकोशाची त्वचा ४२ पट जास्त शोषून घेते. म्हणजे हातावर जे सौम्य, ते तिथे जहाल. आणि आपण तिथे मुळातच सगळ्यात जहाल औषध महिनोन् महिने चोळतो. कातडी कागदासारखी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मांड्यांच्या सांध्यात जांभळट चिरा पडतात. गरोदरपणात पोटावर पडतात तशा, पण रुंद आणि खोल. या चिरा पुन्हा भरून येत नाहीत. विशी-पंचविशीतल्या तरुणांच्या मांड्यांवर त्या आयुष्यभर राहतात.

बुरशीही बदलली. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतात गजकर्णाची एक हट्टी साथ पसरली. जुन्या रुब्रमच्या जागी दुसऱ्याच एका बुरशीनं बस्तान बसवलं. ही बुरशी टर्बिनाफिनला बऱ्याचदा दाद देत नाही, कारण ते औषध ज्या विकरावर घाव घालतं त्याच्या जनुकातच तिनं बदल करून घेतला आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतातून आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून तिचं नाव ठेवलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतले पहिले रुग्ण नोंदले गेले, त्यांतल्या एका स्त्रीनं तर अलीकडे परदेश प्रवासही केलेला नव्हता. या बुरशीच्या प्रसारामागे एकच कारण आहे असं कुणी म्हणणार नाही. दाटीची वस्ती, घट्ट जीन्स, अर्धवट सोडलेलं औषध, सगळंच त्यात आहे. पण स्टेरॉइडमिश्रित मलमांचा सुळसुळाट हे मोठं कारण आहे, यावर देशातले त्वचारोगतज्ज्ञ ठाम आहेत. त्यांच्या संघटनेनं स्टेरॉइडच्या गैरवापराविरुद्ध खास कृतिगट उभा केला, सरकारचे उंबरठे झिजवले. त्याचं फळ २०१८ मध्ये दिसलं. त्वचेवर लावायच्या चौदा स्टेरॉइडांना असलेली विक्रीची सवलत काढून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या यादीत घातली गेली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ३२८ अशास्त्रीय मिश्र औषधांवर बंदी आली, ज्यांत अशी मलमंही होती. कायदा चांगला झाला. पण चिठ्ठी न मागणारी दुकानं आजही गल्लोगल्ली आहेत, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून आता थेट तुमच्याशी बोलतो. घरात कपाटात अर्धी वापरलेली ट्यूब असेल तर ती काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एकही नाव दिसलं तर ती जांघेत लावू नका, आणि महिनोन् महिने लावत असाल तर बंद केल्यावर खाज काही दिवस उसळेल हे धरून डॉक्टरांकडे जा. गजकर्णाचं औषध चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं असतं आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके आठवडे चालू ठेवायचं असतं. घरात ज्याला ज्याला चट्टा आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे. टॉवेल आणि चड्डी प्रत्येकाची वेगळी, गरम पाण्यात धुतलेली, उन्हात उलटी वाळवलेली. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवलेली. अंघोळीनंतर जांघ कोरडी करूनच कपडे घाला, आणि ते सैल, सुती असू द्या. योनीच्या आत साबण, जंतुनाशक, काहीही घालू नका. बाहेरून साधं पाणी पुरतं.

आणि लाजू नका. जिल्हा रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढून 'जांघेत खाज येते' एवढंच सांगायचं असतं. अनेक जिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' नावानं गुप्तांगांच्या संसर्गासाठी मोफत आणि गोपनीय तपासणीची सोय आहे, पुरुषांनाही आणि स्त्रियांनाही. समोरच्या डॉक्टरनं त्या दिवशी तुमच्याआधी हीच तक्रार अनेकदा ऐकलेली असते.